नीट केलेला पतंग

अर्धांगवायूनंतर वडिलांचा उजवा हात निम्माच परत आला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू ते, "मी काय लहान हाय का?" म्हणत फेकून द्यायचे. लष्कराच्या वर्कशॉपात फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, त्याला कोण शिकवणार? पण माझ्या लहानपणी त्यांनीच भिंगारच्या बाजारातून आणलेला, टीव्हीला जोडून खेळायचा गेम मी माळ्यावरून काढला, तेव्हा त्याचा रिमोट त्यांनी आपण होऊन हातात घेतला.

मग मी त्यांच्यासाठी त्या जुन्या यंत्रावर पतंगाचा गेम लिहायला बसलो. संक्रांतीला गच्चीवर त्यांचा पतंग काटणं सोपं नव्हतं. पतंग डोलवायला साइन हे गणिती फंक्शन लागतं, आणि ते लायब्ररीत, म्हणजे आयत्या प्रोग्रॅमच्या संग्रहात, तयार मिळतं. तरी प्रोग्रॅम जोडताना संगणकाचं एकच पालुपद, साइन सापडत नाही. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. लायब्ररी जागेवरच होती; आज्ञेत तिचं नाव माझ्या फाइलच्या नंतर यायला हवं, ते मी आधी लिहिलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

पतंग उडाला, पण अडखळत. त्या यंत्राला अपूर्णांकांचं गणित येत नाही. लायब्ररी प्रत्येक साइन लांबच्या वाटेनं काढून देते, तोवर पडदा खोळंबतो. वडिलांची काही तक्रार नव्हती. सकाळी चहा झाला की बसायचे. आखडलेला अंगठा हळूहळू बटणावर सरकायचा, पतंग वळायचा. "काटला!" असं ते ओरडले की आई स्वयंपाकघरातून हसायची. बोटं खरंच मोकळी होत होती.

मला मात्र ते अडखळणं बघवेना. साइनच्या सगळ्या किमती आधीच काढून त्यांचा तक्ता मी प्रोग्रॅममध्ये घातला. यंत्राला आता नुसतं वाचायचं काम उरलं. पतंग खऱ्यासारखा डोलू लागला आणि मी मोठ्या ऐटीत रिमोट त्यांच्या हाती दिला.

त्यांचा पहिला पतंग कटला. मग दुसरा, तिसरा. अंगठा पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असायचं. इतके दिवस यंत्र त्यांच्यासाठी थांबत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"अण्णा, पहिल्यासारखा संथ करून देतो," मी म्हणालो.

"न्हाई. नीट झालंय ते. नीट झालेलं काम परत बिघडवायचं नसतं." त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला. "तू उडव. मी बघतो."

तो पतंग फाडून टाकावासा वाटला मला. पण ते बघत होते, म्हणून उडवत राहिलो.