गोल झाल्यावर

गोल झाला की काका मान वाकडी करायचे. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन, डाव्या कडेशी डोळा नेऊन, पडद्याच्या पलीकडे काही दिसतंय का ते बघायचे आणि विचारायचे, "तो खंय आसा?"

तुम्ही फुटबॉल बघत असाल तर तुम्हाला माहीत आहे की गोल झाल्यावर कॅमेरा गोल करणाऱ्याच्या मागे सुटतो. मग तो गडी गुडघ्यांवर घसरतो, कोपऱ्यातल्या झेंड्याशी नाचतो, कानाला हात लावून लोकांचा ओरडा ऐकतो. एखादा शर्ट काढून गरगर फिरवतो आणि त्यापायी पिवळं कार्ड खातो. मी मूळचा क्रिकेटवाला, त्यामुळे आयता गोल मिळालेला असताना कार्ड कशाला ओढवून घ्यायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण काकांचं या तमाशाकडे लक्षच नसायचं. ज्याच्यावर गोल झाला तो गोलकीपर त्यांना बघायचा असायचा, आणि तो नेमका चित्राबाहेर राहिलेला असायचा. मान वाकडी केल्याने तो दिसणार नाही हे कळण्याइतके ते शहाणे होते. तरी मान व्हायचीच.

"काकांनू, टीव्हीच्या मागे जावन बघा," मी चिडवायचो. "थय बसलो आसतलो."

"हस मेल्या," ते म्हणायचे. "कॅमेरो दाखयता ताच तुका दिसता."

ओरोसला आमच्या कार्यालयात ते आवक-जावक विभागात होते आणि सरकारी वसाहतीत आमच्या शेजारच्या खोल्यांत एकटेच राहायचे. वसाहतीत सगळेच त्यांना काका म्हणायचे. मूळ गाव वालावल. तरुणपणी ते गोव्यात एका क्लबकडून पगार घेऊन फुटबॉल खेळलेले. फुटबॉलचा पगार मिळतो हीच बातमी आमच्यातल्या निम्म्यांना नवी होती. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला आणि खेळाडूंसाठीच्या राखीव जागेतून ते सरकारी नोकरीत आले. साहेबांसमोर ते "सदर पत्र आजच निर्गमित केलं आहे" असं कडक इस्त्रीचं मराठी बोलायचे आणि साहेबांची पाठ वळली की माझ्याकडे बघून म्हणायचे, "खंय गेला ता पत्र? तुझ्या टेबलार बघ रे!"

संध्याकाळी पाचनंतर मात्र हे टपालवाले काका उरायचे नाहीत. गळ्यात शिट्टी अडकवून, लंगडत लंगडत ते वसाहतीमागच्या मैदानावर जायचे आणि मुलामुलींना फुटबॉल शिकवायचे. माझी सई तेव्हा नववीत होती. शाळेचा अभ्यास सांगितला तर तिचं पोट दुखायचं, पण काकांची शिट्टी वाजली की हातातला घास टाकून पळायची.

त्या मैदानावर काकांचा एक नियम होता आणि तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. जो गोल करेल त्याने स्वतः जाळीतून बॉल काढायचा, गोलकीपर पडलेला असेल तर त्याला हात देऊन उठवायचं आणि बॉल त्याच्या हातात द्यायचा. त्यानंतर काय हवा तो धिंगाणा.

"आधी बॉल तेच्या हातात दी, मगे नाच," ते ओरडायचे. "रात सरापर्यंत नाच. माझा काय जाता?"

पोरांना त्याची इतकी सवय झाली होती की टीव्हीवर असं कोणी करत नाही म्हणून तीच टीव्हीवाल्यांना नावं ठेवायची.

पण बाहेरच्या जगाला हा नियम ठाऊक नव्हता. कसालच्या मैदानावर शाळांचे सामने होते. शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना सईने गोल मारला. समोरची गोलकीपर मुलगी तोंडावर हात घेऊन खाली बसली. आमची शहाणी धावत जाळीत गेली, बॉल काढला आणि तिच्यापुढे धरला. त्या मुलीला वाटलं, ही आपल्याला खिजवते आहे. तिने बॉल घेतला आणि हाताच्या अंतरावरून सईच्या तोंडावर हाणला. नाकातून भळाभळा रक्त! दोन्हीकडचे पालक मैदानात उतरले आणि त्यांत सगळ्यात पुढे मी होतो, हे सांगायला आज लाज वाटते.

घरी येईपर्यंत माझा राग उतरला नव्हता. सई ओट्यावर नाकाला बर्फ धरून बसलेली, काका पायरीवर खाली मान घालून. मी सरळ म्हणालो, "काकांनू, तुमचो नियम तुमच्याकडे ठेवा. देशात कोण असा करीत नाय. माझ्या चेडवाचा नाक फुटला."

मग काकांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

गोव्यात काकांचं नाव होतं ते त्यांच्या गोलांपेक्षा गोलनंतरच्या नाचासाठी. वालावलच्या जत्रेत लहानपणापासून पाहिलेला दशावतारातला संकासुर ते मैदानावर आणायचे. तोच काळ्या झग्यातला, उड्या मारणारा, लोकांना हसवणारा संकासुर. गोल झाला की एक पाय वर, हात पसरलेले, मान हलते आहे, आणि लोक टाळ्यांनी ठेका धरताहेत. गोल राहू दे, नाच दाखव, असंही लोक ओरडायचे म्हणे.

मोसमातला शेवटचा सामना होता. समोरचा क्लब हरला तर खालच्या गटात जाणार होता. त्यांचा गोलकीपर आपल्याच किनाऱ्यावरचा, देवबागचा. आधी दोन वर्षं तो आणि काका एकाच क्लबात, एकाच खोलीत राहिलेले. गावाहून आलेला सुका बांगडा दोघांनी वाटून खाल्लेला.

"मी मारलेलो बॉल काय भारी न्हय होतो," काका म्हणाले. "ल्हान पोरगो पण धरीत असो. तेच्या हातातसून सुटलो आणि पायांतसून आत गेलो. तो गुडघ्यार बसलो. आणि मी... मी तेच्या भोवतीन संकासुर नाचलंय. एक फेरो न्हय, तीन. लोक हसा होते. माका वाटला, मी किती मोठो."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला. क्लब खाली गेला, गोलकीपरला त्यांनी काढून टाकलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं नाही. तो गावी परतला. पुढच्या मोसमात काकांनी गोल मारले, पण नाचले नाहीत. गोल झाल्यावर जाळीतून बॉल काढून गोलकीपरच्या हातात द्यायचे. लोक म्हणाले, याला गर्व झाला.

"आता खंय आसता तो?" मी विचारलं.

"देवबागाकच. होडी आसा तेची. पर्यटकांक फिरयता."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ओरोसहून देवबाग म्हणजे काय मोठं? कसालला मालवणची एसटी धरायची, मालवणला गाडी बदलायची. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत.

"मगे तुम्ही गेलात नाय कधी?"

"गेलंय की. दोनदा. कसालापर्यंत." ते आपल्या गुडघ्याकडे बघत होते. "मालवणची गाडी इली, माझ्या डोळ्यांसमोरसून गेली. मी परत इलंय."

तेवढ्यात नाकावरचा बर्फ बाजूला करून सई म्हणाली, "म्हणजे आमका सगळ्यांका बॉल देवक लावलात, आणि ज्याका देवक होयो तेका तुम्ही दिलातच नाय?"

मी तिच्यावर डोळे वटारले. काका उठून घरात गेले आणि दार लावून घेतलं. त्या पोरीला मी तेव्हा खूप बोललो. खरं तर तिने बोलून दाखवलं तेच माझ्या मनात आलं होतं, फक्त मला बोलायचा धीर झाला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता काकांनी माझं दार वाजवलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोठी कापडी पिशवी. "चल. कसालाक माका एकट्याक सोडू नको," एवढंच म्हणाले.

कसालला मालवणची गाडी आली तेव्हा ते खरंच दोन पावलं मागे सरले. मी दंडाला धरून त्यांना वर चढवलं. कंडक्टरने मांडीवरची गोल पिशवी बघून विचारलं, "फणस काय ओ? पिकलेलो आसा?" गाडीतली दोन माणसं हसली. काका म्हणाले, "पिकलो. फार दिस झाले." मग खिडकीबाहेर बघत बसले ते थेट मालवण येईपर्यंत.

देवबागला माडांमधून वाट काढत घर शोधलं. अंगणात एक उंच, काळासावळा माणूस होडीचा दोर गुंडाळत बसला होता. आम्हाला बघून तो उठला. हात केवढे मोठे! फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, पण हे गोलकीपरचे हात हे माझ्याही लक्षात आलं.

कोणी कोणाला नाव विचारलं नाही. काकांनी पिशवीतून बॉल काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. मला एकदम कसालचं मैदान आठवलं आणि मनात आलं, हाही आता तोंडावर मारतो की काय.

त्याने बॉल घेतला. छातीशी धरला, सवयीने. मग म्हणाला, "लय येळ लावलंस रे."

"होय," काका म्हणाले.

"लागला होता माका. खोटा कशाक सांगू? नाचलंस तेचा नाय. तू माझो होतंस, तेचा लागला."

काका उभे होते तिथेच रडले. तोंड लपवलं नाही, डोळे पुसले नाहीत. मी अंगणातल्या होडीकडे बघत राहिलो. दुसरं काय करणार?

घरात चहा झाला. समोरच्या भिंतीवर एक जुना, पिवळा पडलेला, वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत लावलेला होता. तरुण गोलकीपर गुडघ्यांवर बसलेला, हातमोजे घातलेले हात एकमेकांत अडकवलेले, नजर वर.

"आवशीन लावलेलो," तो आपल्या आईबद्दल म्हणाला. "माझो खेळतानाचो ह्यो एकच फोटो. येणाऱ्या-जाणाऱ्याक सांगायची, माझो झील मॅच सुरू होवच्या आधी देवाक हात जोडता. मरासर तिका असाच वाटा होता."

काका उठून फोटोजवळ गेले. आणि मग त्यांनी, माझ्या हजार वेळा पाहण्यातल्या पद्धतीने, मान वाकडी करून चौकटीच्या डाव्या कडेशी डोळा नेला.

"बघतंस काय?" तो मागून म्हणाला. "तू मागे आसंस. दुमडलेलो. आवशीक तू नको होतंस थय." मग जरा थांबून म्हणाला, "सरळ करू काय?"

"नको," काका म्हणाले. "रवांदे. ती म्हणा होती ताच बरा."

परतीच्या गाडीत त्यांचा डोळा लागला. कसालला उठवलं तेव्हा म्हणाले, "चाय गोड होती रे." एवढंच.

त्यानंतर ते महिन्यातून एकदा तरी देवबागला जायचे आणि त्यांना माझी सोबत लागायची नाही. निवृत्तीनंतर वालावलला राहायला गेले, तेव्हा होडीवाला त्यांच्याकडे यायला लागला. दोघं देवळापुढच्या तळीवर बसतात आणि फारसं बोलत नाहीत, असं कानावर यायचं. सई पुढे कॉलेजच्या संघात गेली. गोल केल्यावर ती अजून जाळीतून बॉल काढते. आता फक्त आधी "खिजवीत नाय हा" असं सांगते.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. असं मरण कोणाला मिळतं, असं सगळे म्हणाले, आणि मलाही म्हणावं लागलं. पण टीव्हीवर गोल झाला की मला घरात बसवत नाही, मी उठून अंगणात जातो.

काका गेल्यावर महिनाभराने मी मुद्दाम देवबागला गेलो. होडीवाल्याने चहा ठेवला. मी भिंतीकडे पाहिलं. चौकट बदललेली होती, आधीपेक्षा रुंद. फोटो उलगडलेला होता. उजवीकडे तो गुडघ्यांवर, डावीकडे एक पाय वर आणि हात पसरलेले आमचे काका, मिशी फुटलेले, हसणारे. दोघांच्या मधून घडीची पांढरी रेघ गेलेली.

"आता आवशीक काय सांगतलात?" मी विचारलं.

"सांगतलंय, देव हयच होतो, मागे दुमडलेलो," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं, आणि मग नाही आलं.

फोटोखालच्या फळीवर तो बॉल होता. मी सहज हाताने दाबून पाहिला. चांगला टणक होता.

"दर आयतवाराक हवा भरतंय," तो म्हणाला.