पसाभर कोंडा आणि माझं नाव

परवा सोमवारी कोल्हापूरला गेलो होतो, माजी सैनिकांच्या ऑफिसात. सोबत वैनी आणि तानाक्का. वैनी म्हणजे माझी आई... काका-आत्या तिला वैनी म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणत आलो. तानाक्का आमची शेजारीण, तिला चार मुली.

पलटणीच्या कागदांवरचं माझं नाव दुरुस्त करायचं होतं. तिथं आहे केरबा, शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय. एका कचेरीत शिपायाची जागा निघालीय, पण दोन कागदांवर दोन नावं त्यांना चालत नाहीत. महिनाअखेरपर्यंत नाव जुळलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार.

माझी शाळा चौथीपर्यंतच. पण अर्ज मीच लिहिला आणि पुन्हा पुन्हा उतरवून काढला. एकसुद्धा खाडाखोड राहू दिली नाही.

केरबा हे नाव कसं पडतं ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून जन्मल्यावर मला केराच्या ढिगावर ठेवलं आणि तानाक्कानं उचलून घेतलं. टाकलेल्या पोरावर मरणाची नजर जात नाही, असं मानतात... पुढं आईनं पसाभर कोंडा देऊन पोर परत विकत घ्यायचं, अशी रीत.

बारशाचं दत्तात्रय हे नाव वडिलांनी तेवढं शाळेत सांगितलं, घरात कुणी मोठ्यानं घेतलं नाही. भरतीच्या वेळी पाटलांनी हाक मारली ती केरबा म्हणूनच, आणि तेच कागदावर गेलं. पलटणीतल्या पोरांना त्याचा अर्थ कळल्यापासून रोज हजेरीला हसू व्हायचं. म्हणून मला ते नाव पुसूनच टाकायचं होतं.

ऑफिसातले साहेब वयस्क होते. अर्ज वाचून म्हणाले, अक्षर चांगलं आहे. आता आईनं शपथेवर सांगायचं की केरबा आणि दत्तात्रय हा एकच माणूस आणि तो तिचाच मुलगा. मग अंगठा, की काम झालं.

"बाई, हा तुमचाच मुलगा ना?"

वैनी म्हणाली, "न्हाय."

साहेबांनी मान वर केली.

"अहो, शपथेवर सांगताय तुम्ही!"

"शपथेवरच सांगतोय की. ह्यो तानाक्काचा हाय. मी नुसता वाढवलाय."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "मग दत्तकाचा कागद आणा. नाहीतर हे प्रकरण इथंच बंद."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वैनीनं कोंडा कधी दिलाच नव्हता. मी लढाईवर निघालो तेव्हा ओवाळलं होतं तानाक्कानं, आणि वैनी लांब गोठ्यापाशी उभी होती. मला वाटायचं, हिला माझी माया नाही...

तानाक्का भडकली. "आगं खुळे, एवढा बाप्या झाला त्यो, तरी कोंडा द्यायला धजत न्हाईस? लढाईतनं जित्ता आला की ग!"

"तुजा म्हणून आला," वैनी म्हणाली. "माजा असता तर आला नसता."

तानाक्का तिच्याकडं वळली.

"आन मी मेल्यावर? मग कुणाचा म्हणायचा त्येला?"

तानाक्का उठली आणि तडक बाहेर गेली. मी मागोमाग. समोर टांगे उभे होते, एक टांगेवाला घोड्याला खाणं घालत होता.

"पावणं, पसाभर कोंडा द्या की."

"घोड्याला का पोराला, मावशी?" तो हसत म्हणाला.

"पोराला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. हसायचा थांबला आणि दोन्ही हातांनी पसा भरून तिच्या पदरात घातला.

आत येऊन तानाक्कानं तो कोंडा वैनीच्या ओंजळीत दिला. देता-घेता थोडा साहेबांच्या टेबलावर सांडला. साहेबांनी कागद बाजूला ओढले. वैनीनं डोळे मिटले आणि ओंजळ तानाक्काच्या पदरात रिकामी केली.

तानाक्कानं माझा हात धरून वैनीच्या हातात दिला. "घे बाई तुजं."

साहेबांनी पुन्हा विचारलं, "हा कोण तुमचा?"

"माजा," वैनी इतक्या हळू म्हणाली की साहेबांना पुढं वाकावं लागलं. मग एकदम मोठ्यानं, "माजा हाय!" व्हरांड्यातली माणसं आत डोकावली.

अंगठा झाला. साहेब लिहू लागले, "केरबा हे नाव रद्द करून..."

"साहेब, ते खोडू नका," मी म्हणालो.

"मग अर्ज बदलावा लागेल."

तिथंच बसून नवा लिहिला. 'केरबा ऊर्फ दत्तात्रय.' एका ओळीत खाडाखोड झाली... राहू दिली.

जागा मिळते का ते आता महिनाअखेर कळेल. परत येताना मोटारस्टँडवर वैनीनं माझं मनगट घट्ट धरलं. "मोटारी बघून चाल," म्हणाली. आमच्या कागलला उतरेपर्यंत तिनं ते सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.

पुढच्या बाकावर तानाक्का बसली होती, खिडकीकडं तोंड करून. पदरातला कोंडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, धक्के बसत होते तरी सांडू देत नव्हती... केरातून मला उचललं तिनं, आणि परवा देऊनही टाकलं तिनंच. हिचं नाव माझ्या कुठल्याच कागदावर नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं.