बंकरमधली भिंत

सेनगावच्या स्टँडवरच्या मुतारीचा वास आला की समुद्रकाठचा लढाईच्या काळातला तो बंकर आठवतो. सेनगावजवळच्या आमच्या गोरेगावहून शाळेची सहल गेली होती, मी मास्तर. बाहेर 'संरक्षित स्मारक' अशी पाटी होती, तरी आतल्या अंधारात भिंतीवर मीच मुतलो. पहारेकरी ओरडला, तसं हेडमास्तरांनी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आणलेल्या आमच्या स्वयंपाक्याला धरलं. "मी न्हाई केलं, सर." "मग काय मास्तरानं केलं व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. तिकडचं पाणी खारट असेल म्हणून आम्ही गावाहून कॅन भरून नेले होते. त्यातलंच पाणी ओतून त्यानं ती भिंत हातानं घासून धुतली. नंतर त्यानं मला प्यायला पेला दिला. त्याच्या हातांना घाण वास येत होता, म्हणून मी तोंड फिरवलं. तो वास माझा होता, हे आज पहिल्यांदा सांगतोय.