बोरिवली ते मुलुंड, फिजीच्या डॉलरमार्गे

या वर्षी फिजीला जायचं ठरवलं होतं. माझा थोरला भाऊ, माधूदादा, तिथे सुव्याला असतो. शाळेत गणित शिकवायला गेला तो तिथलाच झाला. तिकिटं बघता बघता फिजीच्या डॉलरचे जुने दर समोर आले आणि मी अशी चिडले की फिजी राहिलं बाजूला, दुसऱ्या दिवशी मुलुंड गाठलं. तिथे ताईकडे आई असते. वय नव्वद. दादाशी तिचं बोलणं बंद आहे, सत्त्याऐंशी सालापासून.

बाबांची गिरणी बंद पडल्यावर आमचं घर दादाच्या पैशांवर चालायचं. शेजारचा वसंता टोंगाला नोकरीला होता. त्याचे किती आले ते त्याची आई जिन्यात उभी राहून सांगायची. त्या वर्षी वसंताचे होते तेवढेच राहिले, दादाचे एकदम घटले. "तिकडे दुसरं घर मांडलंय त्याने," बाबा म्हणाले. पुढचा ड्राफ्ट त्यांनी परत पाठवला. बाबा गेले, तेव्हाही दादाला कुणी बोलावलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: बोरिवलीहून मेट्रोने गुंदवली, पुलावरून चालत दुसरी मेट्रो, थेट घाटकोपर. गुडघे दुखत असतील तरी जमतं. घाटकोपरला स्टेशनबाहेर डोसा खाल्ला. कुरकुरीत, चटणी मात्र पाणी. शेजारीच पैसे बदलून देणारा बसला होता.

"फिजी आणि टोंगा, दोघांचा भाव काय?"

"मॅडम, डॉलर घ्या ना अमेरिकेचा! ह्यांचा भाव कोण बघतं?"

"कुणीतरी बघायला हवा होता," मी म्हटलं. तो हसला. मला त्याचाही राग आला.

पुढे लोकलने मुलुंड. ताईने दार उघडलं. "अगं, फोन तरी करायचास!" आई वाटाणे सोलत होती. मी चपलाही न काढता मोबाइलवरचा दरांचा आलेख तिच्यासमोर धरला.

"आई, ही फिजीची रेघ, ही टोंगाची. त्या वर्षी फिजीत लष्कराने सत्ता घेतली आणि डॉलरची किंमत दोनदा उतरवली. टोंगाचा पैसा ऑस्ट्रेलियाच्या डॉलरला बांधलेला, म्हणून वसंता सुटला. दादा तेवढेच डॉलर पाठवत होता गं! आणि तुम्ही सगळ्यांनी..."

आईने वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं आणि ताईला कपाटातला बिस्किटांचा डबा आणायला लावला. आत बँकेच्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर वर फिजी डॉलर, दर महिन्याला तोच आकडा. खाली रुपये.

"हे इंग्रजी कागद घरात कोण वाची होता गो?" आई म्हणाली.

मी. कॉन्व्हेंटची मी एकटीच. बाबा विचारायचे, "चिमे, किती आले?" आणि मी खालचा आकडा वाचायची. बावीस वर्षांची होते, लहान नव्हते. वरचा आकडा मी एकदाही वाचून दाखवला नाही.

"आता तिला काय बोलतेस?" ताई म्हणाली.

"बोलत नाय. फोन लाव त्याका."

सुव्याला तेव्हा संध्याकाळ होती. आईने फोन दोन्ही हातांनी धरला. "माधू, जेवलंस रे?"

 "नाय गो आई, अजून नाय."

परतताना घोडबंदर रोडची बस घेतली. चुकूनही घेऊ नका. खोदकामात अडीच तास गेले. बाबांवर, वसंताच्या आईवर, समोरच्या डंपरवर, सगळ्यांवर चिडून झालं. बोरिवली आलं तेव्हा एकटी मीच उरले होते.

सकाळी दादाला फोन करून चिठ्ठ्यांचं सांगितलं. फिजीचं तिकीट काढलंय तेही सांगितलं. तो चिडेल अशी माझी आशा होती.

"अगं, म्हणून तर मी पत्रात खुलासा केला नाही," तो म्हणाला. "म्हटलं, चिमी आहे घरात. ती वाचून सांगेल."