हजेरीपुरती बाई

डोळा लागतोय हे सुनेत्राला कळतंय, आणि तरी ती लागू देतेय. पाचच मिनिटं. तास चारला आहे, अजून अवकाश आहे, आणि बाहेर सोलापूरचं मे महिन्याचं ऊन असं पेटलंय की रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. जेवणाच्या टेबलावर तिनं स्टीलचे दोन उंच डबे समोरासमोर ठेवलेत. डब्यांवर दोन फूटपट्ट्या आडव्या, पट्ट्यांवर फोन, आणि फोनच्या कॅमेऱ्याचा डोळा खाली टेबलाकडे. उजेड नीट पडतोय का ते बघायला वर्गाची लिंक तिनं आधीच उघडून ठेवली आहे. त्या डोळ्याखाली पांढरा कागद, कागदावर चिंचेचं एक ताजं फूल, आणि तिच्या बोटांत दाढीचं पातं.

ही डबे-फूटपट्टीची युक्ती तिची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती हत्तुरे सरांची. खरं दुखणं तिथंच आहे.

प्रा. चन्नवीर हत्तुरे आणि डॉ. सुनेत्रा म्हमाणे, दोघंही वनस्पतिशास्त्र विभागात एम.एस्सी.ला शिकवायचे. शेजारी शेजारी खोल्या. वीस वर्षं मुलं तिच्या दारातून आत डोकावत आली ती एकच प्रश्न विचारायला: ‘मॅडम, सर आहेत का?’ जणू ती सरांची चौकशी खिडकी! मग कोरोना आला, कॉलेजं बंद झाली, आणि सुनेत्राच्या मनात आलं, आता बघू. हा माणूस ईमेल उघडायलासुद्धा ऑफिसातल्या क्लार्कला हाक मारतो, हा काय ऑनलाइन शिकवणार? तिनं स्वतः सुट्टीत बसून प्रशिक्षण घेतलं, रंगीत स्लाइडी केल्या, बाण फिरणाऱ्या, पानं उलगडणाऱ्या. आणि सरांनी काय केलं? घरातले डबे घेतले, बायकोच्या शिवणाच्या फूटपट्ट्या घेतल्या, आणि फोनखाली जास्वंद कापायला बसले. चेहरा कुठंच नाही. नुसता हात, पातं, फूल आणि तो संथ आवाज, ‘कळलं का?’ पोरं खुळावली. जिल्ह्याबाहेरची पोरंसुद्धा ते व्हिडिओ मागून घेऊन बघायला लागली.

यंदा एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, सर गेले. ऑक्सिजन लावला होता, तरी गेले. ऑनलाइन शोकसभेत सुनेत्राही रडली, आणि खोटं रडली नाही. पण त्यांचा विषय तिच्याकडे आला तेव्हा, आता सांगायला हरकत नाही, तिला आतून बरंही वाटलं होतं. महिनाभर तिनं जीव तोडून शिकवलं. समोर तेवीस काळे चौकोन. ‘काही शंका?’ म्हटलं की शांतता. आणि काल विभागप्रमुख बिराजदारांचा फोन.

“मॅडम, रागावू नका. मुलं म्हणतायत, हत्तुरे सरांची रेकॉर्डिंगच लावा. तुम्ही आपली फक्त हजेरी घ्या.”

“हजेरी?”

“म्हणजे तुमचाही त्रास वाचेल.”

तिचा नुसता तिळपापड झाला. ती म्हणाली, उद्याचा एक तास मला द्या, मग काय ते ठरवा. म्हणून आज चिंचेचं फूल, आणि म्हणूनच हे डबे. दुसऱ्याची युक्ती उचलताना हात जळत होते तिचे, पण उचलली. आता पंख्याचा आवाज लांब लांब जातोय, आणि तिची मान खाली कलतेय.

ती विभागाच्या प्रयोगशाळेत उभी आहे. स्टुलांवर मुलं नाहीत, काळे चौकोन बसलेत, नीट सरळ, प्रत्येकावर नावाचं पहिलं अक्षर. समोरच्या टेबलावर एक हात आहे. मनगटापर्यंतच. अंगठ्याचं नख तुटलेलं.

“पूर्ण आलात तरी चालेल, सर,” सुनेत्रा म्हणते.

“पोरांनी एवढंच बघितलंय हो,” हात म्हणतो. “सवय झाली.”

आणि मग सर अख्खे असतात. मास्क हनुवटीखाली, पायात घरातल्या स्लिपर.

“जेवलात का, म्हमाणेबाई?”

“विषय बदलू नका.”

“अहो, मी विषय काढलाच कुठाय अजून!”

हाच, हाच तो आवाज. ह्यालाच भुलायची पोरं. तिला वाटतं, मेल्यावर तरी माणसानं जरा रुक्ष व्हावं की नाही! ती काही बोलणार तोवर प्रयोगशाळेची भिंत नाही, दवाखान्याचा लांब बोळ आहे. दोन्हीकडे बाकड्यांवर माणसं बसलीत, प्रत्येकाच्या मांडीवर कुंडी, कुंडीत काहीच नाही. सर तिच्यापुढे चाललेत, स्लिपर फटफट वाजतायत. ती मागून चाललीये. इथंसुद्धा मागूनच, तिच्या मनात येतं, आणि तिचा पारा चढतो.

“थांबा तिथंच! मला तुमच्याशी भांडायचंय.”

सर थांबतात. ते एसटी स्टँडच्या बाकावर बसलेत, आणि बाकावर दवाखान्याची हिरवी चादर आहे. फलाटावर एकही गाडी नाही. ते सरकून तिला जागा करून देतात. ती बसत नाही.

“बोला,” सर म्हणतात.

“तुम्ही होतात तेव्हा मी दुसरी होते. ठीक आहे. तुम्हाला येत होतं, मान्य. पण आता तुम्ही नाही आहात! तरी मी दुसरीच? गेलेल्या माणसाच्या मागं दुसरी? पोरं मला म्हणतायत, हजेरी घ्या. मी पीएच.डी. हजेरी घ्यायला केली का?”

“कोण म्हणालं?”

“सगळे म्हणाले! आणि तुम्हाला आतून बरं वाटतंय, मला दिसतंय. हसू नका.”

“हसलो नाही, बाई.”

“मला तुमचा राग येतो. रोज येतो. तुमच्या घरच्यांना भेटायला जायचं होतं, तर मी गेले नाही, कारण तिथंही सगळे तुमचं कौतुक करत बसले असते. इतकी वाईट आहे मी. आता तरी सोडा मला. उतरा आता त्या पोरांच्या डोक्यावरून! एकदाचे उतरा!”

तिचा आवाज फलाटभर घुमतो. सर बराच वेळ चादरीची घडी करत राहतात. घडी जमत नाही, पुन्हा उलगडतात.

“उतरलो असतो,” ते म्हणतात. “मला तिथं चैन आहे असं वाटतं तुम्हाला? रोज तीच जास्वंद कापतोय. कुणीतरी मधेच थांबवतं, मागं नेतं, पुन्हा कापतो. ‘कळलं का?’ म्हणतो. पूर्वी ‘नाही सर’ म्हणायला दहा जण असायचे, आठवतं? आता कुणी म्हणत नाही. सगळ्यांना सगळं कळतं माझं.”

“मलाही कुणी काही म्हणत नाही.”

“म्हणतील. आज नाही, उद्या. मला कधीच म्हणणार नाहीत.” ते पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघतात. “तुमचा हेवा वाटतो मला, म्हमाणेबाई. खरंच सांगतो. जळतो मी तुमच्यावर.”

हे ऐकून तिला वाईट वाटायला हवं. कुणालाही वाटेल. पण तिच्या पोटात गुदगुल्या होतात, अगदी लहानपणी पहिला नंबर आल्यावर व्हायच्या तशा, आणि ती ते लपवायला मान खाली घालते. खाली तिचं स्वतःचं जेवणाचं टेबल आहे. कागद आहे. चिंचेचं फूल आहे, नखाएवढं, पिवळं, लालसर रेषांचं. सर शेजारच्या खुर्चीवर बसलेत, तिच्या नवऱ्याच्या जागेवर.

“कापा,” ते म्हणतात.

“माझा छेद तिरका जातो. नेहमीच जातो. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग तुम्हीच कापा ना! दाखवा पुन्हा एकदा, किती छान येतं ते.”

सर हात पुढे करतात. पातं त्यांच्या बोटांतून खाली पडतं. पुन्हा उचलतात, पुन्हा पडतं. मग ते हात मांडीवर ठेवतात, आणि सुनेत्राला त्या हाताकडे बघवत नाही. एवढा राग, एवढं भांडण, आणि बघवत नाही.

“श्वास सोडता सोडता कापायचं,” ते हळूच म्हणतात. “आत घेताना कापलं की हात उचलला जातो. एवढंच असतं त्यात. कुणाला सांगितलं नव्हतं.”

“का नाही सांगितलं?”

“तुम्ही माझ्यापेक्षा सरळ कापाल म्हणून.” ते ओशाळं हसतात. “आता मला सोडायला श्वास नाही. तुमच्याजवळ आहे. सोडा.”

सुनेत्रा श्वास सोडते.

खडबडून ती डोळे उघडते. पंखा. ऊन. मान अवघडलेली, ओठांच्या कोपऱ्यात ओल. पातं तिच्या बोटांत आहे, आणि कागदावर फूल दोन भागांत पडलंय. मधोमध. हिरवा बीजकोश बरोब्बर मधून चिरला गेलाय, दोन्ही अर्ध्यांत बारीक बीजांडांची रांग दिसतेय, एकही चिरडलेलं नाही. तिच्या हातून असा छेद आजवर कधी गेलेला नाही. ती बघतच राहते.

मग तिची नजर वर फोनकडे जाते. चार कधीच वाजून गेलेत. पडद्यावर तेवीस चौकोन आहेत. आणि तिचा माइक चालू आहे.

“मॅडम?” तहसीनचा आवाज येतो, अक्कलकोटकडच्या खेड्यातून, फार सांभाळून. “मॅडम, आवाज येतोय तुमचा.”

“कधीपासून?”

एक माइक उघडतो, पुन्हा बंद होतो.

“तहसीन, कधीपासून येतोय?”

“सर, उतरा आता पोरांच्या डोक्यावरून, म्हणालात ना... त्याच्या जरा आधीपासून.”

सुनेत्राला वाटतं, धरणीनं पोटात घ्यावं. मी ‘राग येतो’ म्हणाले तेही पोरांनी ऐकलं, सरांच्या घरी गेले नाही म्हणाले तेही ऐकलं. संपलं. आता बिराजदारांनी काही ठरवायची गरजच नाही. लाल बटणाकडे तिचं बोट जातं.

“मॅडम, थांबा ना,” अंबिका म्हणते. अंबिका ही वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. महिनाभरात तिचा आवाज सुनेत्रानं ऐकलेला नाही. “आम्हाला फक्त तुमचाच आवाज येत होता. सर काय म्हणाले?”

बोट तिथंच राहतं. काय सांगायचं? अभ्यास करा म्हणाले, मोठे व्हा म्हणाले, असं काहीतरी सांगता येईल. पोरं रडतील, सगळं झाकलं जाईल. वाक्य तिच्या जिभेवर तयार आहे.

“त्यांना माझा हेवा वाटतो म्हणाले,” ती म्हणते. “‘जळतो मी तुमच्यावर, म्हमाणेबाई,’ असं म्हणाले.”

तिकडे एकेकाचे माइक उघडतायत. कुठं कोंबडी ओरडतेय, कुठं कुणाची आई भांडी घासतेय.

“आम्हाला पण तुमचा हेवा वाटतोय, मॅडम,” रेवणसिद्ध म्हणतो. “रोज रात्री त्यांचा व्हिडिओ लावून झोपतो आम्ही. सगळेच. अभ्यासाला नाही हो, असंच. एकदा तरी स्वप्नात येतील म्हणून. आमच्याकडे एकदाही नाही आले. तुमच्याकडे आले.”

सुनेत्रा फुलाचा एक अर्धा भाग चिमटीत उचलते आणि कॅमेऱ्याखाली धरते. पोरांना तिचा चेहरा दिसत नाही, नुसता हात दिसतोय, आणि तो हात पात्याच्या टोकानं बीजांडांची रांग दाखवतोय.