सखुबाईची गोडी विहीर

मुंबईतल्या सहलींवर मी लिहिलेल्या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत, अकराव्या पानावर, तिसऱ्या सहलीच्या शेवटी, एक वाक्य छापले आहे: "वरळीस पिण्याजोगे पाणी मिळत नाही, सोबत न्यावे." हे वाक्य खोटे आहे. ते छापखान्यातल्या कुणाची चूक नाही. मी शाई बुडवून, चांगला जागा असताना लिहिले आहे. ते कसे लिहिले हे सांगायचे तर सखुबाईविषयी सांगावे लागेल, आणि तिच्याविषयी सांगायला बसलो की माझी मान आपोआप खाली जाते.

अठराशे त्र्याण्णव सालची गोष्ट. कोटातल्या एका कचेरीत मी कारकून होतो. दिवसभर मान मोडून नकला करायच्या, रात्री पोटात गुबारा धरायचा. वैद्यबुवांनी सांगितले, "गंगाधरपंत, औषध पुरे, आता चाला." म्हणून दर रविवारी गिरगावातून निघून कधी वाळकेश्वर, कधी माहीम, कधी शिवेची टेकडी असे भटकू लागलो. चालण्याने पोट सुधारले आणि डोके बिघडले, कारण मला वाटू लागले की सहल निवडण्यात आपला हात धरणारा मुंबईत कुणी नाही. शनिवारी संध्याकाळी गल्लीतले लोक विचारीत, "पंत, उद्या कुठे?" आणि मी मोठा जाणकार असल्यासारखा घसा खाकरून सांगत असे.

खरा जाणकार डोक्यावर टोपली घेऊन रोज माझ्या शेजारून जात होता. सखुबाई वरळीच्या कोळीवाड्यातली. पहाटे म्हावऱ्याची पाटी घेऊन गिरगावच्या बाजारात यायची आणि रिकामी पाटी घेऊन परत जायची. पावसाळ्याचे बंदीचे महिने सोडले तर वीस वर्षे हा क्रम. ज्या वाटेला आम्ही सहल म्हणत होतो ती तिची रोजची मजुरी होती. उंच, काळीसावळी, नाकात मोठी नथ, चालताना पाठ अशी ताठ की पाटी डोक्यावर आहे हे तीच विसरली असावी.

पहिल्यांदा महालक्ष्मीच्या पुढे, वरळीच्या बांधावर भेटली. मी घामाघूम होऊन बसलो होतो.

"काय रे भटा, कुनाकडं चाललंस?"

"कुणाकडे नाही. फिरायला."

"कामाशिवाय?" ती इतकी हसली की पाटी हाताने धरावी लागली. "अन् तेबी भर उन्हात, नि बांधाच्या उघड्या अंगानं? अरे, सकाळी वाडीच्या कुंपनाकडून चालायचं. सावली तिकडं पडते."

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. वारा कधी फिरतो, कोणत्या वाडीतला माळी आत बसू देतो, माहीमची वाट कुठे चिखलात जाते, हे सारे तिने शिकवले. वरळीच्या किल्ल्यामागचे खडक फिरायला फार सुंदर, पण ते कधी उघडे पडतात हे मला कळेना. ती म्हणाली, "तुमच्याकडं पंचांग हाय ना? मग बघायचं. पुनवेला नि अवसेला भर दुपारी भरती. आठम-नवमीला दुपारी दर्या मागं जातो. तेव्हा यायचं." जन्मभर घरात पंचांग असून मी ते मुहूर्त आणि एकादश्या यांपलीकडे उघडले नव्हते. मी तिचा शब्द न् शब्द घरी येऊन वहीत उतरवला. तिचे नाव मात्र कुठे उतरवले नाही.

चैत्र वद्य अष्टमीला मी एकटाच ती खडकांची वाट पाहायला गेलो. तांब्यातले पाणी बांधावरच संपले होते. दुपारी खडकांवर उभा असताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी मटकन खाली बसलो. सखुबाई जवळच खडकाला चिकटलेली कालवे काढीत होती. तिने मला दंडाला धरून किनाऱ्यावर, आपल्या झोपडीच्या पडवीत आणले. मग कळशी घेऊन आली आणि थांबली.

"भटा, पानी हाय. पन माज्या घरचं हाय. पिशील?"

मी प्यालो. एक लोटा नव्हे, तीन. आजवर इतके गोड पाणी मी प्यालो नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिला फार आनंद झाला.

"आमची गोडी इहीर," ती म्हणाली. "चारी अंगांनी खारा दर्या, अन् मधी ही. माज्या सासऱ्यानं खनली. गोरे सोल्जर येऊन पिऊन जातात." मग हळूच म्हणाली, "तू घाबरू नको. मी नाय सांगनार कुनाला. तुजी जात जाईल."

आणि तिने खरोखर कधी कुणाला सांगितले नाही.

पुढच्या वर्षी माझ्या मित्राने, हेरंबाने, पुस्तिका काढायचे ठरवले. त्याचा ठाकुरद्वारला छोटा छापखाना होता. मी वहीवरून लिहून दिले. तिसऱ्या सहलीच्या शेवटी मी लिहिले होते: "कोळीवाड्यातील विहिरीचे पाणी अत्यंत गोड आहे." हेरंबाने ते वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि सहज विचारले, "गोड आहे, हे तुम्हांला कसे हो कळले?"

एवढेच. तो थट्टा करीत होता. पण मी तो कागद त्याच्या हातून परत घेतला. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचे, मथूचे, स्थळ ठरत होते. तिला अकरावे लागले होते, वडील वारलेले, सगळा भार माझ्यावर. मुलाचे वडील तात्या आठल्ये मोठे कर्मठ. कोळणीच्या घरचे पाणी मुलीचा भाऊ प्यालेला आहे असे त्यांच्या कानावर गेले असते तर मला प्रायश्चित्त घ्यावे लागले असते, आणि मथूला कायमचे घरी बसवावे लागले असते. हे भय खोटे नव्हते, एवढे मला माझ्या बाजूने म्हणू द्या. पण मग ते वाक्य नुसते खोडून थांबायचे होते. मी थांबलो नाही. आपल्यावर संशयसुद्धा येऊ नये म्हणून मी त्याच्या नेमके उलटे लिहिले.

पुस्तिका निघाली, गिरगावात गाजली. तात्यांनी ती वाचली आणि निरोप धाडला की तिसरी सहल आपण सगळे मिळून करू, सोयरीक होण्याआधी ओळखही होईल. एका अष्टमीच्या रविवारी तात्या, हेरंब, मी आणि आणखी दोघे निघालो. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाने पाणी घेतले होते. पण तात्यांचे वय साठीच्या पुढे आणि उन्हाळा भयंकर. कोळीवाडा येईतो त्यांचा तांब्या रिकामा, आमचेही रिकामे. किनाऱ्यावर पोचताच ते वाळूत कोसळले. ओठ पांढरे पडले होते.

सखुबाईने आम्हांला लांबून पाहिले होते. ती कळशी घेऊन धावत आली आणि दहा हातांवर थांबली. तिने तात्यांकडे नाही, माझ्याकडे पाहिले. मी काय म्हणतो याची वाट पाहत होती. विहिरीचे पाणी गोड आहे, मी ते प्यालो आहे, म्हाताऱ्याला पाजा, एवढे मी बोलायचे होते. समोर माणूस मरत होता.

मी म्हणालो, "ए बाई, पुढे येऊ नको. शिवशील."

ही माझी वाणी. तीन लोटे पाणी प्यालेल्या तोंडाची.

तिने कळशी वाळूत ठेवली. चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरे वाटले असते. ती वळून पळाली. मला वाटले, गेली. पण ती शेजारच्या भंडाऱ्याच्या वाडीतून तीन शहाळी आणि कोयता घेऊन आली, आमच्यापासून लांब ते सगळे खाली ठेवले आणि मागे सरली.

"घ्या. तुमीच फोडा. आतलं पानी कुनाच्या हातचं नाय."

हेरंबाने शहाळी फोडली. तात्या प्याले, थोड्या वेळाने उठून बसले, डोळ्यांत जीव आला. म्हातारा तसा वाईट नव्हता. त्याने तिला विचारले, "बाई, तुझे उपकार झाले. पण तुम्ही लोक इथे राहता कसे? पंतांनी लिहिलेच आहे की इथे प्यायला पाणी नाही. खरे का ते?"

कळशी तिथेच वाळूत होती, काठोकाठ भरलेली. सखुबाईने माझ्याकडे पाहिले. मथूच्या स्थळाविषयी तिला ठाऊक होते, मीच बांधावर चालताना सांगितले होते.

"व्हय," ती म्हणाली. "इहीर हाय, पन खारी हाय."

आणि तिने ती कळशी उचलून आमच्या देखत वाळूत उपडी केली.

तात्या मला म्हणाले, "पंत, तुमची माहिती अगदी चोख." वैशाखात मथूचे लग्न झाले. पंगतीत तात्यांनी वरळीची हकीकत तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा माझी पाठ थोपटली. त्या थापा मला अजून जाणवतात.

त्यानंतर मी महालक्ष्मीच्या पुढे जाणे सोडून दिले. मध्ये गाठीच्या तापाची, प्लेगची, साले आली, गिरगाव ओस पडले, सहली कुठल्या नि काय. गेल्या वर्षी जरा शांत झाले तेव्हा हेरंब म्हणाला, दुसरी आवृत्ती काढू. प्रूफ हातात आले. अकरावे पान उघडून मी दोन दिवस बसलो. मथूला आता मुलगा आहे, तात्या जिवंत आहेत. खरे लिहायची माझी छाती झाली नाही. मी ते वाक्य फक्त काढून टाकले, आणि मला वाटले की आपण फार मोठे काहीतरी केले. इतके मोठे की ते तिला सांगायला मी वरळीला गेलो.

ती पडवीत सुके बोंबील निवडत बसली होती. केस पिकले होते. मला पाहून उठली आणि पदर सावरून बाजूला झाली.

"या पंत," ती म्हणाली. पूर्वी ती मला भटा म्हणत असे.

मी पुस्तिका पुढे केली. तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक असून पुढे केली. म्हणालो, "सखुबाई, पाणी नाही असे लिहिले होते ना, ती ओळ मी काढली."

"मंग आता काय लिवलंत? गोडं हाय म्हनून?"

"नाही. आता काहीच लिहिले नाही."

"म्हंजे आता इहीरच नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा खाली बसून बोंबील निवडू लागली.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. ऊन मी म्हणत होते आणि घशाला कोरड पडली होती. पडवीच्या कोपऱ्यात तीच कळशी होती, वर लोटा पालथा घातलेला. तिने विचारले नाही, आणि मागायला माझी जीभ उचलली नाही. तसाच तहानलेला मी बांधावरून गिरगावात परत आलो.