कुलूपसर आणि फाटकाबाहेरची मुलं

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, अख्खी शाळा कुलूपसर म्हणते. तोंडावर नाही, तेवढी छाती माझीही नाही, आणि मी तर त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. दाजी व्यायामाचे शिक्षक. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा, पण वेळेच्या बाबतीत निव्वळ असह्य. जेवायला बोलावून, उशीर झाला म्हणून सख्ख्या मेहुण्याचं ताट उचलून ठेवणारा.

सकाळची घंटा झाली की ते फाटक लावतात, तेही रस्त्याकडे पाठ करून. हात मागे नेऊन कडी घालायची, चाचपडत कुलूप लावायचं आणि थेट मैदानाकडे निघायचं. बाहेर कोण राहिलं ते बघायचंच नाही. "तोंड दिसलं की मन विरघळतं," ते म्हणत. "मग एकाला आत, एकाला बाहेर. माझ्याकडे सगळे सारखे." राहिलेली पोरं घरी जातात, बोलणी खातात आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येतात, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

यंदा मुख्याध्यापिका बाईंनी विद्यार्थी परिषद काढली. पाचवीपासून पुढे प्रत्येक वर्गाचे प्रतिनिधी, शिक्षकांतर्फे दाजी आणि मी, आणि शाळेचे नियम मतदानाने. दाजी भडकले. "उद्या पोरं म्हणतील, पेपरही आम्हीच काढतो!" त्यात आठवीने निवडून दिली ती त्यांचीच मुलगी. मला हसू आवरेना. ही माझी भाची घरात इतकी गप्प, की पाहुणे विचारायचे, हिला बोलता येतं ना?

पहिली सभा घंटेनंतर लगेच प्रयोगशाळेत भरली. भाची उठून म्हणाली, "घंटेनंतर फाटक थोडा वेळ उघडं ठेवावं."

"कशाला?" दाजी हसले. "घरी जातात की सगळे. बिघडतं कुठे?"

"घरी कुणी जात नाही, सर. घरी मार बसतो, नाहीतर घर बंद असतं. शाळा सुटेपर्यंत सगळे कोपऱ्यावरच्या वजनकाट्यापाशी बसतात."

भरलेले ट्रक तोलायला येतात, ती ही जागा. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला लहान मूल दिसतसुद्धा नाही.

"तुला काय माहीत?" दाजींनी विचारलं.

"मी पण असते तिथे."

ताई पहाटे कारखान्यात जाते, दाजी मैदान आखायला उजाडताच निघतात. धाकट्या भावाला आवरून बालवाडीत सोडायचं ते या पोरीने, आणि तो रडत बसला की हिला उशीर. वर्गशिक्षिकेला वाटलं, सरांची मुलगी गैरहजर, म्हणजे सरांना ठाऊकच असणार. आणि सर स्वतःच्या लेकीला बाहेर ठेवून मैदानावर शिट्टी फुंकत होते! दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"घरी तुम्ही विचारत नाही, बाबा. इथे विचारलं." "दुसरीतला एक छोटा तर रोज असतो. परवा ट्रक मागे आला तेव्हा मी त्याला ओढलं. त्याच्या डब्यावरून चाक गेलं."

दाजी त-त-प-प करत म्हणाले, "आज... आज तो आत आलाय ना?"

"नाही. तो बाहेरच राहिला, मी खिडकीतून बघितलं."

"मग त्याच्याजवळ कोण आहे?"

"आज मी इथे आहे ना, बाबा."

दाजींनी खुर्ची पाडली आणि ते पळत सुटले. मी मागोमाग. फाटक उघडताना त्यांच्या हातातून किल्ली दोनदा पडली. कोपऱ्यावर पोचलो तर छोटा कट्ट्यावर पाय हलवत बसला होता, एकटाच. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्याने दाजींना पाहिलं, दप्तर छातीशी धरलं आणि धावत जाऊन घरघरणाऱ्या ट्रकमागे लपला.

त्याला हाक मारायला दाजींनी तोंड उघडलं. नाव त्यांना ठाऊकच नव्हतं.